इस्त्री न केलेले घर

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. किती जुने, ते मला नक्की सांगता यायचे नाही. मला बनवणाऱ्या सुताराचे केस तेव्हा काळेभोर होते, आणि तो मला शेवटचा भेटायला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर ना केस उरले होते ना तोंडात दात. यावरून काय तो अंदाज बांधा.

एक जुने गोदाम पाडले, तेव्हा त्याच्या छताच्या ओक लाकडाच्या तुळया सुताराने घरी आणल्या. त्या चिरून, रंधा मारून त्याने माझ्या जाड फळ्या केल्या. मला मागवले होते एका पुस्तक बांधणाऱ्याने. सगळे त्याला बाइंडर म्हणत. त्याची एकच अट होती. तो सुताराला म्हणाला, "टेबल डुगडुगता कामा नये. ते डुगडुगलं की कागद वाकडा कापला जातो, आणि कागद वाकडा कापला गेला की गिऱ्हाईक माझ्याकडे वाकडं बघतं."

सुताराने अट मनावर घेतली. माझे पाय खिळ्यांनी न ठोकता लाकडात लाकूड बसवून जोडले. काम संपल्यावर तो सरळ माझ्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. उठल्यावर म्हणाला, "झोप लागली म्हणजे टेबल सपाट आहे. घेऊन जा."

बाइंडरच्या कारखान्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. कारखाना म्हणजे काय, रस्त्याकडची एक लांब खोली. उजव्या बाजूला बाइंडर पुठ्ठे कापायचा, डाव्या बाजूला त्याची बायको घडी घातलेल्या छापील पानांचे फर्मे शिवायची. सुरी घसरली की माझ्यावर रेघ उठे. हातोडीने पुस्तकाची पाठ ठोकताना नेम चुकला की खळगा पडे. एकदा बाइंडरने चिकटवायच्या सरसाचे गरम भांडे थेट माझ्यावर टेकवले आणि तो आत धावला, कारण बायकोने आतून हाक मारली होती. त्यांची मुलगी त्या क्षणी पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती. दोघे टाळ्या वाजवत राहिले आणि इकडे माझ्या अंगावर एक काळे, गोल वर्तुळ कायमचे उमटले. मला भाजले खरे, पण त्या वर्तुळाचा मला फार अभिमान वाटे. येणारे जाणारे माझ्यावर थाप मारून म्हणत, "काय टेबल आहे! हत्ती उभा करावा."

पुढे यंत्रे आली. पुस्तके यंत्रातच शिवली जाऊ लागली, चिकटवली जाऊ लागली. वयाने बाइंडरचे हातही थरथरू लागले होते. एक दिवस त्याने सुरी पुसून गुंडाळून ठेवली, माझ्यावरून तळहात फिरवला आणि दार ओढून घेतले. मुलगी दूर नांदत होती. तिच्या छोट्या घरात मी मावणार नव्हते. मग जुन्या सामानाच्या एका दुकानदाराने मला उचलून नेले आणि मागच्या शेडमध्ये टाकले.

त्या शेडमधल्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही. माझ्यावर रंगाचे रिकामे डबे, तुटक्या खुर्च्या आणि एक मुका रेडिओ रचलेला असे. माझ्याखाली एका मांजरीने पिल्ले घातली, तेवढाच काय तो आनंद. गिऱ्हाईक आले की दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "हे? याच्या फळ्या निघतील चांगल्या. कापून देतो."

आणि मग ती आली.

ती एका कापड कंपनीत नमुने तपासायचे काम करायची. सोबत नवरा होता. पुढे ज्या घरात मी गेले त्या घरातली ती सून, म्हणून मी तिला सूनबाईच म्हणते. तिने रंगाचे डबे खाली उतरवले, रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली आणि काळ्या वर्तुळावर बोट ठेवून ती तशीच उभी राहिली.

दुकानदार लगबगीने म्हणाला, "ताई, काळजी करू नका. घासून, चकाचक पॉलिश मारून देतो. नवं आहे की जुनं, कळणारसुद्धा नाही."

"नको हो!" ती एवढ्या जोरात ओरडली की मांजर पळाले. "कशालाही हात लावू नका. आहे तसंच हवंय."

नवऱ्याने हळूच विचारले, "अगं, यावर जेवायचं?"

"जेवायचं, लिहायचं, भाज्या निवडायच्या, सगळं यावरच."

मित्रांनो, त्या दिवशी माझा पुनर्जन्म झाला असे म्हटले तरी चालेल.

तिच्या डोक्यात काय होते, ते मला हळूहळू कळले. कामासाठी ती काही महिने बेल्जियममध्ये राहून आली होती. तिथे जवसाच्या धाग्याचे जाडसर कापड, ज्याला लिनन म्हणतात, ते विणणाऱ्या गिरण्यांमध्ये तिचे काम असे. राहायला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी एक खोली मिळाली होती. संध्याकाळी दमून त्या घरात पाऊल टाकले की खांदे आपोआप खाली यायचे, असे ती सांगे. "तिथे कित्येक दिवस ढगाळ असायचं," ती नवऱ्याला म्हणाली. "पण त्या घरात होता नव्हता तेवढा उजेड भिंतींवर पसरलेला असायचा. भिंतींना चुना होता, ओल्या वाळूच्या रंगाचा. सामान थोडं. जे होतं ते लाकूड, दगड, माती, कापड, आणि सगळं वापरून वापरून मऊ झालेलं. खिडकीत एक मातीचं भांडं आणि त्यात एकच फांदी. खुर्च्यांवर लिननच्या खोळी, चुरगळलेल्या. आजी कधी त्या सरळही करायच्या नाहीत."

नवरा म्हणाला, "थोडक्यात, इस्त्री न केलेलं घर!"

"अगदी तेच," ती हसून म्हणाली, आणि तेव्हापासून त्या घराचे तेच नाव पडले.

बैठकीच्या खोलीच्या भिंती तिने स्वतःच्या हाताने रंगवल्या. चुन्यात थोडी मातकट पूड घालायची आणि रुंद ब्रशने आडवेतिडवे हात मारायचे. वाळल्यावर भिंतीवर ढगांसारखे कुठे हलके, कुठे गडद पट्टे उठले. सकाळी ती भिंत दाण्याच्या टरफलासारखी दिसे, दुपारी राखेसारखी आणि संध्याकाळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. खिडक्यांना जमिनीपर्यंत लोळणारे लिननचे पडदे लागले. वर लोंबकळणारे झुंबर गेले, कोपऱ्यात एक साधा दिवा आला. आणि खिडकीशेजारी मी. माझ्या आजूबाजूला मुद्दाम मोकळी जागा ठेवली होती. शेडमध्ये डब्यांखाली गुदमरलेल्या माझ्यासारख्याला मोकळ्या जागेची किंमत विचारा!

शेजारच्या मावशी बघायला आल्या. चारी भिंतींवर नजर फिरवून त्यांनी काळजीने विचारले, "रंगारी काम अर्धवट टाकून पळाला का गं?"

सूनबाई पोट धरून हसली. तिची सहा वर्षांची मुलगी तर आठवडाभर सगळ्यांना सांगत होती, "आमचा रंगारी पळाला!" सतत काहीतरी कुरतडत बसायची म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत.

असे आमचे बरे चालले होते. तेवढ्यात आबा राहायला आले.

आबा म्हणजे नवऱ्याचे वडील. जन्मभर त्यांनी शहराची बस चालवली होती. आता गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांच्या घराचे जिने त्यांना चढवत नव्हते. दोन बॅगा आणि एक मरून रंगाची रेक्झिनची आरामखुर्ची घेऊन ते आले. दारातच थांबून त्यांनी खोली पाहिली आणि मुलाला विचारले, "बाकीचं सामान कधी येणार आहे?"

"हेच सामान आहे, आबा."

"अस्सं," आबा म्हणाले. खुर्ची त्यांच्या खोलीत गेली.

सूनबाई त्यांचे मनापासून करायची. रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्यांच्याकडून गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायची. ते कुरकुरले की म्हणायची, "आबा, ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर!" ते हसायचे आणि पाय उचलायचे. पण ती बाहेर पडली की ते बैठकीच्या खोलीत येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसत, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे. चुरगळलेल्या खोळींकडे बघून त्यांचे हात शिवशिवत. फोनवर मित्राला सांगत, "घर चांगलं आहे रे. माणसं तर त्याहून चांगली. पण भिंतींना पथ्याचा रंग दिलाय." आणि मग माझ्याकडे बघून हळहळत, "एवढं दणकट टेबल, काय अवस्था झालीय बिचाऱ्याची."

सूनबाईसाठी काहीतरी करावे, हे त्यांच्या मनात घोळत होते. हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्या गाठींनी पाहिले आहे. तेव्हा पुढे जे झाले त्यात वाईट हेतू तिळभरही नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

एका सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर आबा काठी टेकत बाहेर पडले आणि पिशवी घेऊन परतले. पिशवीत पॉलिशपेपर होता, व्हार्निशचा डबा होता आणि नवा कोरा ब्रश होता. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि शीळ घालत माझ्या उजव्या कडेपासून घासायला सुरुवात केली.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. त्या बाजूच्या सुरीच्या रेघा एकेक करून गेल्या. हातोडीचे खळगे भरून आल्यासारखे उथळ होत गेले. सरसाच्या वर्तुळाला मात्र बराच वेळ लागला. आबांना घाम फुटला, गुडघा दुखू लागला, ते मधे टेकले, पुन्हा उठले. "आता तू बघच," ते मला प्रेमाने म्हणत होते. दुपार उलटेपर्यंत माझा अर्धा भाग कोरा झाला आणि त्यावर व्हार्निशचा जाड थर चढला. वाकून पाहिले तर खिडकीतला पडदा माझ्यात दिसत होता.

सूनबाई घरी आली. दारातच तिला वास आला. तिने पाहिले आणि तिच्या हातातली पिशवी जमिनीवर सरकली.

"उरलेलं अर्धं उद्या," आबा अभिमानाने म्हणाले. "गुडघ्याने आज साथ दिली नाही."

"बरं, आबा," एवढेच बोलून ती आत गेली. तिला आनंदाने गहिवरून आले असे आबांना वाटले. थोड्या वेळाने ते पाण्याचा पेला ठेवायला स्वयंपाकघराकडे गेले, तेव्हा आत ती नवऱ्याला सांगत होती, "मला ते टेबल त्याच्या खुणांसाठीच हवं होतं रे. आता ते कुठलंही टेबल झालं." आणि ती रडत होती.

आबा पेला हातात घेऊन तसेच मागे फिरले. रात्रीचे जेवण त्यांनी आपल्या खोलीत मागवून घेतले.

सकाळी व्यायाम झाला, पण ब्रेकही नाही आणि ॲक्सिलरेटरही नाही. सगळे बाहेर पडल्यावर आबा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी गावाकडच्या चुलतभावाला फोन लावला. "तुझ्याकडची मागची खोली रिकामी आहे का रे? ... नाही, भांडण वगैरे काही नाही. ... हो, कायमचंच."

तेवढ्यात दाराचा आवाज झाला. सूनबाई विसरलेल्या किल्ल्या घ्यायला परत आली होती. तिने शेवटचे शब्द ऐकले होते.

"कोणाला खोली हवीय, आबा?"

आबांनी फोन माझ्यावर ठेवला. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. "मला. मी या घरात शोभत नाही, पोरी. सगळं कसं जागच्या जागी, शांत. मी आलो की चित्रावर पाय दिल्यासारखं वाटतं. आणि वर तुझं टेबल खराब केलं."

"खराब करायला केलं नव्हतंत ना?"

"वेडी आहेस का?" आबा म्हणाले. "तुला सांगतो, माझी बस अशी चकाचक असायची की बायाबापड्या तिच्यात बघून केस नीट करायच्या. सगळे म्हणायचे, याला काय हौस! हौस नव्हती गं ती. आमच्या डेपोत दरवर्षी साहेब यायचे. ज्या गाडीवर ओरखडे दिसतील, पत्रा चेपलेला दिसेल, ती आधी भंगारात. इंजिन कसं आहे, कोणी विचारायचं नाही. म्हणून मी घासायचो. माझी गाडी वाचावी म्हणून. हे टेबल पाहिलं आणि वाटलं, उद्या याला कोणीतरी काढून टाकेल. म्हणून..."

सूनबाई कामावर जायचे विसरून त्यांच्या शेजारी बसली.

"आबा, चूक माझीही आहे. मी तुम्हाला घर दाखवलं, पण समजावून कधीच सांगितलं नाही." तिने त्यांचा हात धरून माझ्या न घासलेल्या भागावर ठेवला. "ही रेघ बघा. आणि इथे हा खळगा. कोणाचे आहेत मला माहीत नाही. पण कोणीतरी इथे आयुष्यभर मान मोडून काम केलंय, एवढं कळतं. ज्या आजींकडे मी राहायचे, त्यांच्या घरात सगळं असंच होतं. जितकं वापरलेलं तितकं लाडकं. मला ते घर एवढं का आवडलं, तर तिथे कशालाच नवं असल्याचं सोंग करावं लागत नव्हतं. तिथे मी दमलेली असले तर दमलेली बसायचे."

आबा बोटांनी रेघ चाचपत राहिले. "म्हणजे हे ओरखडे तू मुद्दाम घेतलेस?"

"हो."

"पैसे देऊन?"

"हो."

"अगं, आमच्या डेपोत आली असतीस तर फुकट दिले असते, हवे तेवढे!"

ती रडता रडता हसली. आबाही हसले. मग जरा थांबून त्यांनी खालच्या आवाजात विचारले, "म्हणजे या घरात ओरखडे आलेल्याला काढून टाकत नाहीत?"

"नाही, आबा. त्याला खिडकीजवळची जागा देतात."

आबांनी डोळे पुसले. तेवढ्यात माझ्यावर ठेवलेल्या, बंद करायचा राहून गेलेल्या फोनमधून चुलतभाऊ ओरडला, "अरे, खोली झाडून ठेवू की नको? एकदा काय ते सांग!"

"राहू दे!" आबा फोनवर ओणवे होऊन ओरडले. "इथेच भागतंय!"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळ्या खिडक्या उघडून घरातली सारी माणसे माझ्याभोवती जमली. व्हार्निश लावणे सोपे, पण काढणे म्हणजे परीक्षा. आबा खुर्चीत बसून खरवडत होते, मुलगा पुसत होता, सूनबाई मधूनमधून पाठ सरळ करत होती आणि खारूताई सगळ्यांना सूचना देत होती. शेवटी मला नुसते मेण चोळले. डावीकडे मी पूर्वीसारखेच काळपट, ओरखड्यांचे. उजवीकडे मात्र फिकट, कोरे, नुकत्याच हजामत केलेल्या गालासारखे.

नवरा म्हणाला, "थोडा गडद रंग लावला तर दोन्ही भाग जुळतील."

"नको," सूनबाई म्हणाली. "खोटं म्हातारपण नको. तो भाग आपल्या खुणांसाठी राहू दे."

सरसाचे ते वर्तुळ गेले, याची हळहळ मला आजही वाटते. खोटे कशाला बोलू? पण ज्याने ते घासून काढले त्या माणसाच्या तळहातावरही त्या दिवशी फोड आले होते, हेही मी विसरत नाही.

त्याच संध्याकाळी सूनबाईने आबांची मरून खुर्ची बाहेर आणली आणि चुन्याच्या भिंतीपाशी ठेवली. खुर्चीच्या हातांवरचे रेक्झिन झिजून तपकिरी झाले होते, बैठक आबांच्या आकाराची झाली होती. आबांना वाटले, थोडा वेळ ठेवली असेल. पण ती तिथेच राहिली. शेजारच्या मावशी येऊन म्हणाल्या, "आता कुठे घरात कोणीतरी राहतंय असं वाटायला लागलं." सूनबाईने ते मान्य केले. तिचे घर तिलाही त्या दिवसापासून पुरते पटले, असे मला वाटते.

आबा आता ऐसपैस बसतात. दुपारी पडद्यातून गाळून येणारा उजेड भिंतीवरून कसा सरकतो, ते बघत त्यांना डुलकी लागते. त्यांचे डेपोतले जुने मित्र आले की ते त्यांना घर फिरवून दाखवतात. "ही बेल्जियन धाटणी," ते खाकरून म्हणतात. "नुसतं बघू नका, हात लावून बघा. हात लावल्याशिवाय कळत नाही." एक मित्र म्हणाला, "पण पडदे चुरगळलेत रे." तेव्हा आबांनी त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने बिनतिकिटाचा प्रवास केला होता.

परवाची गोष्ट सांगते आणि तुमची रजा घेते. खारूताई माझ्या कोऱ्या भागावर चित्र काढत होती. शाईची बाटली लवंडली. निळ्या शाईचा ओघळ लाकडात शिरत गेला. ती घाबरून गोरीमोरी झाली आणि तिने बाटलीवर दोन्ही हात दाबून धरले. आबा खुर्चीतून उठले, काठी न घेताच चार पावले चालत आले आणि त्यांनी फडके घेतले.

"रडू नकोस," ते म्हणाले. "निघेल तेवढी पुसू. उरेल ती तुझी."

दोघांनी मिळून पुसली. बरीच निघाली. एक निळा ठिपका मात्र उरला आहे, साधारण तिच्या अंगठ्याएवढा. येता जाता ती त्यावर अंगठा ठेवून बघते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी असेल. कोपऱ्यात ढकललेले स्टूल असेल, रंग उडालेले कपाट असेल, वाकून चालणारे एखादे माणूस असेल. त्याला फेकण्याआधी किंवा घासूनपुसून नवे करण्याआधी एकदा त्याच्यावर हात ठेवा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. आणि हो, माझ्यावर अजून बरीच जागा कोरी आहे. कधी आलात तर बिनधास्त पेला ठेवा.